मातृत्व आणि मंत्रचळ

'मंत्रचळ' हा शब्द मराठींत जुना आहे. मंत्रोच्चारांत चूक घडल्यामुळें मनुष्याच्या बुद्धीस जो चळ लागतो तो मंत्रचळ, असा त्याचा मूळचा अर्थ. पुढें व्यवहारांत तो विस्तार पावला. दारास कडी घातली कीं नाहीं हें पाहण्यासाठीं रात्रींतून दहा वेळां उठणारा गृहस्थ, शिंतोडा उडाला असेल या शंकेनें पुन्हां पुन्हां स्नान करणारी सोवळी आजीबाई, मोजलेले पैसे पुन्हां मोजणारा कारकून, या सर्वांस मंत्रचळ झाला असें आपण म्हणूं लागलों. आणि आजचे मराठी मानसवैद्यहि या विकाराचा उल्लेख पुष्कळदां याच नांवानें करतात. या शब्दाबरोबर आपल्या घरांत थोडेंसें हंसूंहि येतें. चळ लागलेल्या माणसाची थट्टा करणें ही आपली जुनी खोड आहे.

परंतु हाच विकार एखाद्या गर्भवतीस किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीस जडला म्हणजे त्यांत हंसण्यासारखें कांहीं उरत नाहीं. मुलास जवळ घेण्यापूर्वीं हात धुवावयाचे म्हणून ती मोरीवर जाते आणि कातडी सोलवटून निघेपर्यंत परत येत नाहीं. मूल श्वास घेत आहे ना, हें पाहण्यासाठीं ती रात्रभर जागते. स्वतः झोपत नाहीं आणि झोपलेल्या मुलासहि उठविते. याहून भयंकर असा एक प्रकार आहे, त्याचा तर उच्चारहि तिच्यानें करवत नाहीं. भाजी चिरतांना हातांतील सुरीकडे दृष्टि जाते आणि 'हीच सुरी मीं बाळावर चालविली तर?' असा विचार विजेसारखा मनांत चमकून जातो. गच्चीच्या कठड्याशीं उभी असतां, मुलास न्हाऊं घालीत असतां, असेच विचार येतात. ज्या अपत्यावरून ती जीव ओंवाळून टाकील त्याच्याविषयीं असें आपल्या मनांत यावें, त्या अर्थीं आपण राक्षसीण आहों, असें ती मानूं लागते. ती सुऱ्या दडवून ठेविते, मुलास न्हाऊं घालण्याचें टाळते, शेवटीं त्यास एकटीनें जवळ घेण्यासहि भिते. आणि हें सर्व कां, तें कोणास सांगत नाहीं.

अशा स्त्रियांस मदत कशी मिळूं लागली, कोणी दिली, आणि ती मिळण्यास इतका काळ कां लागला, याचा इतिहास आम्हांस येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे. त्याचा लेखी पुरावा बहुतांशीं युरोप व अमेरिका या खंडांतील आहे. म्हणून प्रथम तिकडे जाऊन मग आपल्या घराकडे येऊं. वाचकांस आरंभींच सांगून ठेवितों कीं, हा इतिहास औषधांच्या शोधाचा जितका आहे त्याहून अधिक तो एका भेदाच्या शोधाचा आहे. मनांत विचार येणें निराळें आणि तसें करण्याची इच्छा असणें निराळें, हा तो भेद. तो जेथें कळला तेथें दार उघडलें. जेथें कळला नाहीं तेथें मदत मागावयास आलेली स्त्रीच संशयास पात्र झाली.

युरोपांत या विकाराची चौकशी वैद्यांच्या पूर्वीं धर्मोपदेशकांनीं केली. लॅटिन भाषेंत 'स्क्रुपुलुस' म्हणजे बारीक टोंकदार खडा. जोड्यांत शिरलेला खडा जसा पावलोपावलीं टोंचतो, तशी पापाची शंका ज्याच्या मनास टोंचते त्याच्या अवस्थेस ख्रिस्ती ग्रंथकारांनीं हेंच नांव दिलें. जेझुइट पंथाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला यास १५२२ सालीं स्पेनमधील मान्रेसा येथें या खड्यानें इतकें छळलें कीं, केलेला पापोच्चार पुरा झाला नाहीं अशा शंकेनें तो तीच पापें पुन्हां पुन्हां सांगत राहिला, आणि जीव देण्याचे विचारहि त्याच्या मनांत आले. पुढें १६९२ सालीं इंग्लंडांत नॉर्विचचा बिशप जॉन मूर यानें राणी मेरीच्या समोर धार्मिक विषण्णतेवर एक प्रवचन केलें. सच्छील माणसांच्या मनांत नेमके प्रार्थनेच्या वेळींच ईश्वरनिंदेचे अभद्र विचार येतात, हें त्यानें उघड सांगितलें. आणि अशा विचारांशीं निकराची झुंज घेऊं नये, कारण झुंजीनें ते अधिकच बळावतात, असा उपदेश केला. पावणेतीनशें वर्षांनंतर मानसशास्त्रज्ञ ज्या निष्कर्षास आले त्याचें बीज या उपदेशांत आहे. मात्र मूर बोलला तो देवाविषयींच्या अभद्र विचारांबद्दल. पाळण्याजवळ बसलेल्या मातेच्या अभद्र विचारांबद्दल बोलण्याचा प्रसंग यावयास आणखी सव्वाशें वर्षें जावीं लागलीं, आणि तो आला एका खुनाच्या खटल्याच्या निमित्तानें.

१८२५ च्या नोव्हेंबर महिन्यांत पॅरिस शहरीं हेन्रिएत कॉर्निये नांवाच्या मोलकरणीनें शेजाऱ्यांची १९ महिन्यांची मुलगी खेळविण्यासाठीं म्हणून मागून घेतली आणि तिचा शिरच्छेद केला. कृत्याचें समजण्यासारखें कारण तिला सांगतां येईना. जॉर्जे नांवाच्या तरुण वैद्यानें हें एक प्रकारचें वेड असल्याचें प्रतिपादन केलें. न्यायालयानें १८२६ मध्यें तिला जन्मभर सक्तमजुरीची शिक्षा दिली. खटल्याचा गाजावाजा पुष्कळ झाला आणि त्याचा एक विलक्षण परिणाम दिसून आला. ती हकीकत ऐकून कित्येक प्रेमळ माता भयभीत झाल्या. आपल्याहि हातून आपल्या मुलाचें असेंच होईल काय, हा विचार त्यांच्या मनांत घर करून बसला. प्रख्यात मनोरोगवैद्य एस्किरोल यानें १८२७ सालीं मनुष्यवधाच्या उन्मादावर जें टिपण लिहिलें त्यांत अशा स्त्रियांची नोंद आहे.

ही नोंद आमच्या विषयांत फार महत्त्वाची आहे. पण तिच्यांतच पुढील शंभर वर्षांच्या घोंटाळ्याचें मूळहि आहे. कृत्य करून बसलेली कॉर्निये आणि कृत्याच्या नुसत्या कल्पनेनें कासावीस होणारी माता या दोघींस एकाच नांवाखालीं बसविण्यांत आलें. एक विचार न करतां करून गेली होती. दुसरी विचारानेंच इतकी भ्याली होती कीं तिच्यानें सुरी हातीं धरवत नव्हती. नवल हें कीं, मंत्रचळाचें उत्कृष्ट वर्णनहि एस्किरोलनेंच करून ठेविलें आहे. त्याच्या १८३८ च्या ग्रंथांत एका स्त्रीची हकीकत आहे. दुसऱ्याची मौल्यवान वस्तु आपल्या कपड्यांत नकळत अडकून आपल्याबरोबर येईल, या भीतीनें ती कपडे झाडी, हात पुन्हां पुन्हां चोळी व धुई. आणि हें सर्व वेडगळपणाचें आहे हें तिला स्वतःला पुरतें ठाऊक होतें. परंतु या स्त्रीचें दुखणें आणि त्या मातांचें दुखणें एकाच कुळांतील आहे, हें सूत्र कोणाच्या हातीं लागलें नाहीं.

बाळंतपणांतील मनोविकारांचा अभ्यास मात्र याच काळांत नेटानें सुरू झाला. पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयांत १८११ ते १८१४ या चार वर्षांत आलेल्या १,११९ स्त्रियांपैकीं ९२ जणींचें वेड प्रसूतीनंतर किंवा अंगावर पाजण्याच्या काळांत उद्भवलें होतें, अशी गणना एस्किरोलनें केली. आणि श्रीमंतांच्या घरीं उपचार होणाऱ्या स्त्रिया या आंकड्यांत आलेल्याच नाहींत, असा शेराहि मारला. इंग्लंडांत रॉबर्ट गूच यानें १८२० सालीं सूतिकोन्मादावर निबंध लिहिला. १८५८ सालीं लुई व्हिक्टर मार्से यानें गर्भिणी, सूतिका व स्तनदा अशा तिन्ही अवस्थांतील मनोविकारांवर पहिला स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हां त्याचें वय अवघें तीस होतें; पुढें सहा वर्षांनीं तो मरण पावला. १९८० सालीं या विषयाच्या अभ्यासकांनीं आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली तेव्हां तिला त्याचेंच नांव दिलें.

पण हे सर्व थोर वैद्य रुग्णालयांत बसून पाहत होते. रुग्णालयापर्यंत ज्या पोंचत त्या आरडाओरडा करणाऱ्या, भ्रमिष्ट झालेल्या, मुलास ओळखहि न देणाऱ्या स्त्रिया. जी बाई शुद्धीवर आहे, घरकाम करते, पाहुण्यांशीं हंसून बोलते आणि आंतल्या आंत जळते, ती कोणत्याच गणनेंत आली नाहीं. शिवाय ती स्वतःहून कां यावी? बाळंतपणांतील वेड आणि शिशुवध यांची सांगड लोकांच्या मनांत पक्की बसली होती. इंग्लंडांत १९२२ व १९३८ च्या कायद्यांनीं, प्रसूतीच्या परिणामानें मनाचा तोल ढळलेल्या मातेनें आपलें मूल मारल्यास त्यास खून न लेखतां तिला सौम्य शिक्षा द्यावी, असें ठरविलें. कायदा दयेचा होता; परंतु जिला नुसते विचार छळीत होते तिला त्यांतून जणूं भविष्यच वाचावयास मिळालें.

भेद करण्याचें काम झालें तें दुसऱ्याच वाटेनें. १८७५ सालीं पॅरिसमध्यें लग्रां द्यु सोल यानें 'संशयाचें वेड' या विकारावर ग्रंथ लिहिला. १८७७ सालीं बर्लिनच्या कार्ल वेस्टफालनें या विकाराची जी व्याख्या केली ती आजहि जुनी वाटत नाहीं. बुद्धि शाबूत असतां, इच्छेच्या विरुद्ध, कांहीं कल्पना मनाच्या अग्रभागीं येऊन ठाण मांडतात; हांकलल्या तरी जात नाहींत; आणि त्या आपल्या नव्हेत, परक्या आहेत, हें रोगी स्वतः ओळखतो, असें त्याचें म्हणणें. यांतील शेवटचा शब्द मोलाचा आहे. भ्रमिष्टास भ्रम खरा वाटतो. या रोग्यास आपला विचार परका वाटतो. १९०३ सालीं पिएर जाने यानें आपल्या मोठ्या ग्रंथांत शेंकडों रोग्यांची चिकित्सा करून असें दाखविलें कीं, ज्यांना दुष्कृत्याच्या प्रेरणेची भीति वाटते ते तें दुष्कृत्य करीत नाहींत. भीति हीच त्यांची व्याधि असते.

इतकें कळल्यावर मदत चटकन् मिळावयास हवी होती. ती मिळाली नाहीं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ज्या मनोविश्लेषणाचा बोलबाला झाला त्यानें या विचारांचा अर्थ लावतांना, मनाच्या तळाशीं दडलेल्या वैराचें तें चिन्ह होय, असें सांगितलें. त्या सिद्धांताची परीक्षा करण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु आधींच स्वतःस राक्षसीण समजणाऱ्या मातेस 'तुझ्या अंतर्मनांत या मुलाविषयीं द्वेष आहे' असें वैद्यानेंच सांगितल्यावर तिची काय अवस्था होईल, याची कल्पना वाचकांनींच करावी. अमेरिकेंतील मनोरोगशास्त्राच्या एका मासिकांत १९५९ सालीं शिशुवधाच्या छळणाऱ्या विचारांवर एक लेख आला, आणि १९७२ सालीं त्याच मासिकांत अशा ४२ रोग्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. सबंध वैद्यकाच्या पसाऱ्यांत हे थेंब होत. पण या दुखण्यास आतां स्वतःचें पान मिळालें होतें.

उपचाराची खरी वाट १९६६ सालीं लंडनमध्यें उघडली. मिडलसेक्स रुग्णालयांत व्हिक्टर मायर नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें दोन रोग्यांवर एक साधा पण धाडसी प्रयोग केला. ज्या वस्तूंची भीति वाटते त्यांस स्पर्श करावयाचा, आणि त्यानंतर नेहमींचें धुणेंपुसणें मात्र करावयाचें नाहीं. परिचारिकांनीं अष्टौप्रहर जवळ राहून तें करूं द्यावयाचें नाहीं. एका स्त्रीच्या खोलींतील नळाचें पाणीसुद्धां बंद करण्यांत आलें. आरंभीं भयाचा भडका उडाला. पण कांहीं न करतांच तो हळूहळू खालीं बसला, आणि अनर्थ कांहींच झाला नाहीं, हें रोग्याच्या मनास शब्दांनीं नव्हे तर अनुभवानें पटलें. १९७४ पर्यंत मायर व त्याचे सहकारी यांनीं अशा १५ रोग्यांवर उपचार केले होते. त्यांतील १० जणांस उत्तम गुण आला. याच सुमारास, १९६७ सालीं, स्पेनमधील वैद्यांनीं क्लोमिप्रामिन हें औषध या विकारावर गुणकारी असल्याचें नोंदविलें. पुढें याच दिशेनें अधिक सौम्य औषधें निघालीं.

या उपचारामागील तत्त्व ध्यानांत घेतल्यावांचून पुढील भाग समजावयाचा नाहीं. मंत्रचळांत मनुष्यास छळते ती मूळची शंका नव्हे; ती शंका निवारण्यासाठीं तो जी धडपड करतो तिनेंच शंकेचें पोषण होतें. हात धुतल्यानें क्षणभर बरें वाटतें, म्हणून पुन्हां धुवावेसे वाटतात. 'मी बाळास कांहीं करणार नाहीं ना?' असें नवऱ्यास विचारून क्षणभर धीर येतो, म्हणून घटकाभरानें पुन्हां विचारावेंसें वाटतें. सुरी दडविल्यानें 'मी धोक्याची आहे' ही समजूत पक्कीच होते. बिशप मूरनें सांगितलें होतें तें हेंच.

तरीहि एक प्रश्न उरतो. असे अभद्र विचार मुळांत येतात कोणास? १९७८ सालीं लंडनमध्यें स्टॅन्ली रॅकमन आणि श्रीलंकेहून तेथें गेलेले पद्मल डि सिल्वा यांनीं निरोगी माणसांसच विचारून पाहिलें. दहांपैकीं जवळजवळ आठ जणांनीं, असे नकोसे, दुष्ट, लाजिरवाणे विचार आपल्याहि मनांत येतात, असें सांगितलें. रोग्यांचे विचार आणि निरोग्यांचे विचार कागदावर लिहून तज्ज्ञांपुढें ठेविले तर कोणते कोणाचे, हें ओळखणें त्यांसहि जड गेलें. म्हणजे भेद विचारांत नव्हता. विचार आल्यावर मनुष्य त्याचा जो अर्थ लावतो त्यांत होता. निरोगी मनुष्य 'काय वेडें मन!' म्हणून पुढें जातो. रोगी तेथेंच थांबून स्वतःवर खटला भरतो.

हाच प्रश्न आईबापांस विचारण्यास आणखी पंचवीस वर्षें लागलीं. अमेरिकेंत जोनाथन अब्रामोविट्झ व त्यांचे सहकारी यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, तान्ह्या मुलाविषयीं असे नकोसे विचार येत असल्याचें ६९ टक्के मातांनीं सांगितलें, आणि ५८ टक्के पित्यांनींहि सांगितलें. यावरून हा केवळ गर्भाशयाचा किंवा दुधाचा विकार नव्हे हें उघड होतें. एका असहाय जीवाची जबाबदारी अंगावर पडली कीं मन सर्व संकटांची उजळणी करूं लागतें, आणि त्या उजळणींत स्वतःचे हातहि येतात. कॅनडांत निकोल फेअरब्रदर यांनीं २००८ मध्यें दाखविलें कीं, अपघाताचे विचार तर सर्वच नव्या मातांस येतात, आणि आपल्याच हातून मुद्दाम इजा होईल असे विचार सुमारें निम्म्या जणींस येतात. विचार येणें याप्रमाणें सार्वत्रिक आहे. त्याचा आजार व्हावा हें मात्र थोड्यांच्या वांट्यास येतें. २०१३ च्या एका एकत्रित अभ्यासानुसार तो सर्वसाधारण लोकांत शंभरांत एकास, तर गर्भवती व बाळंतिणींत शंभरांत दोघींहून थोडा अधिक आढळतो. फेअरब्रदर यांनीं २०२१ मध्यें मातांस अधिक बारकाईनें प्रश्न विचारून पाहिलें तेव्हां हें प्रमाण पुष्कळच अधिक निघालें.

राहतां राहिला सर्वांत नाजुक प्रश्न. ज्या मातेच्या मनांत असे विचार येतात तिच्यापासून मुलास धोका आहे काय? इंग्लंडांतील पांच अनुभवी तज्ज्ञांनीं २००९ सालीं एकत्र लिहिलेल्या लेखांत स्पष्ट सांगितलें कीं, मंत्रचळाच्या रोग्यानें आपला छळणारा विचार कृतींत उतरविल्याचें एकहि उदाहरण नमूद नाहीं. २०२२ मध्यें कॅनडांतील ३८८ मातांची पाहणी प्रसिद्ध झाली. मुद्दाम इजा करण्याचे विचार ज्यांना येत होते आणि ज्यांना येत नव्हते, त्या दोहोंत मुलावर हात उगारण्याचें प्रमाण जवळजवळ सारखेंच, आणि अगदीं अल्प, होतें. कॉर्निये आणि त्या भयभीत माता यांची १८२७ सालीं पडलेली गांठ सुटावयास जवळजवळ दोनशें वर्षें लागलीं.

ही गांठ पुस्तकांत सुटली, तरी दारांत सुटली असें मात्र नाहीं. नव्या मातांची मानसिक स्थिति अजमाविण्यासाठीं १९८७ सालीं स्कॉटलंडांत दहा प्रश्नांची एक सुटसुटीत प्रश्नावली तयार झाली. एडिंबराच्या नांवानें ती जगभर वापरली जाते. तिनें बाळंतपणांतील विषण्णता उजेडांत आणली, हे तिचे उपकार मोठे आहेत; पण त्या दहांत नकोशा विचारांविषयीं एकहि प्रश्न नाहीं. जें विचारलें जात नाहीं तें सांगितलें जात नाहीं. आणि धीर करून सांगितलें तर ऐकणारा जाणता असावा लागतो. इंग्लंडांतील गृहवैद्यांच्या एका मासिकांत २०१३ सालीं फिओना चॅलकोम व त्यांच्या सहकारी यांनीं दाखवून दिलें आहे कीं, अजाणत्या अधिकाऱ्यानें हे विचार धोका समजून बालसंरक्षण खात्याकडे चौकशीसाठीं पाठविले तर तिची भीतीच खरी ठरल्यासारखें होतें आणि आजार दुणावतो. मूल हिरावून नेतील, ही धास्तीच कित्येक स्त्रियांचें तोंड बंद ठेविते. उलट, ओळख वेळेवर पटली तर उपचारास फार काळहि लागत नाहीं. लंडनमध्यें ३४ मातांवर झालेल्या व २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दोन आठवड्यांत एकूण १२ तासांच्या उपचारांनीं मातांच्या दुखण्यास चांगला उतार पडला. त्याच अभ्यासांत असेंहि आढळलें कीं, या आजारी मातांच्या मुलांस आईविषयीं वाटणारा विश्वास इतर घरांतील मुलांइतकाच दृढ होता. ज्या बाईस आपण आई म्हणून नालायक आहों असें वाटत होतें, तिच्या मुलाचें मत तसें नव्हतें.

येथें एक इशारा दिला पाहिजे. खरा सूतिकोन्माद हा निराळा रोग आहे. हजार प्रसूतींत एकदोन स्त्रियांस तो होतो. त्यांत झोंप उडते, बोलण्याचा धरबंध सुटतो, कानीं आवाज येतात, मुलाविषयीं विपरीत गोष्टी खऱ्या वाटूं लागतात, आणि त्या बाईस आपल्या विचारांची भीति वाटत नाहीं, उलट ते योग्यच वाटतात. अशा वेळीं घटकेचाहि विलंब न करतां रुग्णालयांत नेलें पाहिजे. दोहोंत भेद करणें हें जाणत्या वैद्याचें काम आहे. पण घरच्यांनीं एवढें ध्यानांत धरावें कीं, जी आपल्या विचारानें थरथर कांपते व स्वतःहून मदत मागते ती बहुधा पहिल्या जातीची रोगी असते.

आतां आपल्या घराकडे वळूं. गोव्यांत म्हापसें येथील रुग्णालयांत विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनीं २५२ मातांची पाहणी केली. २००२ सालीं ती प्रसिद्ध झाली. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनीं त्यांतील २३ टक्के मातांस विषण्णतेचा आजार असल्याचें आढळलें. कोंकणी भाषेंत प्रश्न विचारतांच इतक्या जणींनीं उत्तर दिलें, यावरून आपल्या स्त्रिया बोलत नाहींत हें म्हणणें खरें नव्हे. त्यांस विचारलें पाहिजे, एवढाच अर्थ निघतो. मंत्रचळाविषयीं मात्र विचारण्याची रीत अजून पडावयाची आहे, आणि आपल्या घरांत त्याला लपण्यास जागाहि पुष्कळ. अतिरेकी धुणें सोवळ्याच्या पदराखालीं सहज झांकलें जातें. बाळंतिणीच्या खोलींतील स्वच्छतेची तर वाखाणणीच होते. बाळंतिणीच्या उशाशीं विळा किंवा सुरी ठेवण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. भुताखेतांपासून रक्षण व्हावें हा त्यांतला हेतु. ज्या मातेस त्या सुरीचेंच भय आहे तिनें ती उशाखालून काढावयास सांगितली, तर कारण काय म्हणून सांगावें? 'अभद्र बोलूं नये, वास्तु तथास्तु म्हणते' हें आपल्यांतील प्रत्येक मुलीनें लहानपणीं ऐकलेलें असतें. पहिल्या बाळंतपणास माहेरीं आलेली मुलगी प्रत्यक्ष आईजवळहि तोंड उघडीत नाहीं, याचें एक कारण हें आहे. आपण बोललों आणि वास्तूनें तथास्तु म्हटलें तर!

पण त्याच घरांत दुसरी एक म्हण तितकीच जुनी आहे: मन चिंती तें वैरी न चिंती. ज्यावर जीव जडलेला असतो त्याच्याविषयीं मन जितकें वाईट चिंतितें तितकें शत्रूसहि सुचत नाहीं. आणि तें चिंतितें तें द्वेषानें नव्हे, मायेनें. रॅकमन आणि डि सिल्वा यांनीं पाहणी करून जें सांगितलें तें आमच्या आज्यापणज्या रोजच्या बोलण्यांत सांगत होत्या. आजीनें ही म्हण योग्य वेळीं उच्चारली आणि वास्तूची धमकी तेवढ्यापुरती बाजूस ठेविली, तर माहेरीं आलेल्या त्या मुलीचें निम्में ओझें तेथेंच उतरेल. उरलेल्या निम्म्यासाठीं वैद्य पाहिजे.

त्याहि बाबतींत कांहीं पाऊल पुढें पडलें आहे. आजारी मातेस मुलापासून तोडूं नये, या विचारानें इंग्लंडांतील कॅसल रुग्णालयांत टॉम मेन यानें १९४८ सालीं मातेबरोबर मुलासहि ठेवून घेतलें, आणि १९५९ मध्यें बॅन्स्टेड येथें माता व बालक यांचा स्वतंत्र विभाग निघाला. आपल्या देशांत बंगलोरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेंत असा विभाग २००९ सालीं सुरू झाला. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यांत तर स्पष्टच म्हटलें आहे कीं, मानसिक आरोग्यसंस्थेंत उपचार घेणाऱ्या स्त्रीपासून तिचें तीन वर्षांच्या आंतील मूल सामान्यतः वेगळें करूं नये. ज्या भीतीनें मातांचीं तोंडें बंद राहिलीं त्या भीतीस आपल्या कायद्यानें निदान कागदावर तरी उत्तर दिलें आहे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून १४४१६ या क्रमांकावर सरकारी मानसिक साहाय्याची दूरध्वनिसेवाहि मिळूं लागली. तेथें मराठींत बोलतां येतें. औषधांविषयीं म्हणाल तर गर्भारपणांत व अंगावर पाजण्याच्या काळांतहि वैद्याच्या सल्ल्यानें घेतां येतील अशीं औषधें आहेत. तीं आपल्या मनानें सुरू करणें जितकें वाईट तितकेंच, दिवस राहिले म्हणून आपल्या मनानें बंद करणेंहि वाईट.

राहतां राहिलें घरच्यांचें कर्तव्य. सुनेनें किंवा लेकीनें असें कांहीं बोलून दाखविलें तर दचकूं नये, आणि मूल तिच्या हातून काढून घेऊं नये. तीच शंका ती वारंवार विचारूं लागली तर वारंवार शपथा घेऊन तिचें समाधान करीत बसूं नये. तो उपाय नव्हे, ती व्याधीची खुराक आहे. तिला मानसवैद्याकडे न्यावें, आणि नवऱ्यानें बरोबर जावें. कारण, आंकडे सांगतात त्याप्रमाणें, त्याच्याहि मनांत तेच विचार येऊन गेले असण्याचा संभव आहे. आणि ती कांहींच बोलत नसेल, पण सुरीकडे पाहत नाहीं, मुलास न्हाऊं घालीत नाहीं, मोरीवरून उठत नाहीं, असें दिसलें, तर तिच्याजवळ बसून एवढेंच विचारावें: 'नकोसे विचार येतात का ग? पुष्कळ जणींना येतात.' लोयोलापासून आजपर्यंतच्या पांचशें वर्षांच्या ज्ञानाचें सार या दोन वाक्यांत आलें आहे. तीं उच्चारावयास पदवी लागत नाहीं.